माशांची आंघोळ

"लावा पैज!" उमाजी ओट्यावरून उठून उभाच राहिला. "दसऱ्याला ह्या घरात एक जरी मासा जित्ता दिसला, तर मी हातात चुडा भरतो, डोक्यावर पदर घेतो, अन् भर बाजारातून बारवेची घागर तुमच्या दारात आणून ठिवतो. अन् मेले, तर तुमी!"

"मी?" भीमाशंकरआप्पांनी आपल्या पोटाकडं बघितलं.

"मग काय तुमची तागडी? तुमीच. हिरव्या बांगड्या. मोठं माप लागंल. कासाराला आजच सांगून ठिवतो."

गल्ली खदाखदा हसली. सेलूच्या पेठेत आप्पांचं गूळ-तेलाचं दुकान, दुकानामागं घर, आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला उमाजीची घोंगड्यांची चळत. वीस-पंचवीस वर्षं दोघं एकाच ओट्यावर बसत आले होते. एकाच्या गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं मोजकं. दुसरा हटकर धनगर, मिशा झुपकेदार, आणि अंगात खोड्या इतक्या की देवानं हाडांच्या जागी त्याच भरल्या असाव्यात. एकदा आप्पा जेवायला आत गेले, तेवढ्यात ह्यानं गादीवर एडका बसवून त्याला आप्पांचाच रुमाल बांधला. दोन गिऱ्हाइकं त्या एडक्याला गुळाचा भाव विचारून गेली म्हणतात. उमाजी म्हणतो तीन.

त्या दिवशी तमाशा होता तो मडक्याचा. आप्पांचा मुलगा कल्याणराव मालासाठी हैद्राबादला गेला होता, तो येताना गुळाच्या बाजारभावाबरोबर एक मडकं घेऊन आला. मडक्यात तीन मासे. लालभडक, बोटभर लांब, शेपटी अशी की जणू रेशमी लुगड्याच्या निऱ्या.

"आप्पा, कालवण कवा हाय?" समोरच्या किशनराव शिंप्यानं माडीवरून हाळी दिली.

"शिव शिव!" आप्पांनी कानावर हात ठेवले. "कल्याण, आपल्या घरात ह्ये कशाला रे?"

"आईसाठी," कल्याणराव खाली मान घालून म्हणाला. "नवाबाच्या लिलावातली काचेची हंडी पडूनच हाय की. तिच्यात सोडू, खिडकीत टांगू."

"तिला दिसतं कुठं?"

"उजेडात काही हललं तर कळंल की. दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसती. बगवत न्हाई."

कल्याणची आई चन्नबसम्मा, तिचे डोळे दोन वर्षांपासून विझत चालले होते. ही बाई एके काळी अंधारात तांदळातला खडा निवडायची. आता घरातल्या घरात भिंत चाचपत चालायची, आणि कुणी हात धरायला गेलं की म्हणायची, "सोडा, भिंत हाय की मला."

"बरं," आप्पा शेवटी म्हणाले. "पण आधी आंघोळ."

आता हा आंघोळीचा नियम सगळ्या पेठेला माहीत होता. रेल्वेनं आलेला माणूस आंघोळ केल्याशिवाय आप्पांचा उंबरा ओलांडत नसे. गाडीत कोण कुठं बसला, काय खाल्लं, कुणाला माहीत! मग जावई असो की व्याही, आधी परसातून मागं जायचं, दोन तांबे डोक्यावर घ्यायचे, मग राम राम. बाजारातून आलेल्यालाही तेच. उमाजीचा शेजारी राहून जन्म गेला, पण ओट्याच्या पुढं तो क्वचितच गेला. दर वेळेला कोण आंघोळ करणार?

"कल्याण करंल की आंघोळ," उमाजी म्हणाला.

"मासेबी गाडीनंच आले न्हवं?" आप्पा म्हणाले.

उमाजीनं टाळी वाजवली. अशी संधी देव रोज देत नाही. "बरोबर! त्यास्नीबी घाला! पाठ चोळायला मी येतो!"

आणि खरंच घातली. प्रवासाचं पाणी घरात नको म्हणून मडकं रस्त्यावर उपडं केलं. मासे ओल्या धोतराच्या फडक्यावर झेलले. बारवेतून तेव्हाच शेंदलेलं गारढोण पाणी त्यांच्यावर दोनदा ओतलं आणि तसल्याच पाण्यानं भरलेल्या हंडीत तिघांना टाकलं. मासे आधी वेड्यासारखे गरगर फिरले. मग एक जण कुशीवर कलला, तसा उमाजीनं पैजेचा विषय काढला, आणि बघता बघता ती लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मासा वर तरंगत होता. तिसऱ्या दिवशी दुसरा.

उमाजीचा आनंद काय विचारता! तो पेठेत येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगू लागला, "दसऱ्याला यायचं बरं का. आप्पांचा डोहाळेजेवणाचा थाट हाय." कासाराकडून त्यानं खरोखरच मोठ्या मापाच्या हिरव्या बांगड्या आणल्या आणि घोंगड्यांच्या चळतीवर सगळ्यांना दिसतील अशा मांडून ठेवल्या. गिऱ्हाईक विचारायचं, "घोंगडीवर बांगडी फुकट का?" उमाजी म्हणायचा, "न्हाई, बांगडीवर शेट फुकट."

चौथ्या दिवशी आप्पांनीच त्याला हाक मारली. चेहरा उतरलेला.

"उमाजी, हारलो मी. आण त्या बांगड्या."

"आं? अजून एक हाय की."

"त्योबी जाईल. घरात जीव तडफडून मरायलेत, मला जेवण जायना. आज संध्याकाळी कल्याण त्याला दुधना नदीत सोडून यील अन् हंडी माळ्यावर ठिवंल. घागर मी आणतो. शब्द म्हंजी शब्द."

जिंकला की उमाजी! पण विजय असा आयता ताटात वाढलेला त्याला पचेना. त्यानं बांगड्या कमरेला खोचल्या आणि म्हणाला, "थांबा, आधी आक्काला सांगून येतो. नवऱ्याला चुडा भरायचा तर बायकूची परवानगी नको का?" त्यानं परसात जाऊन दोन तांबे डोक्यावर घेतले, आणि निथळत आत गेला.

चन्नबसम्मा खिडकीपाशी बसली होती. भिंतीकडं पाठ, हंडीकडं तोंड. खिडकीतून ऊन हंडीत उतरलं होतं आणि एकुलता एक मासा हळूहळू गोल फिरत होता. त्याच्याबरोबर म्हातारीची मान फिरत होती. डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं.

उमाजी बघतच राहिला.

"आक्का… तुला दिसायलंय?"

ती दचकली. "कोन, उमाजी? मेंढराचा वास आला म्हणून वाटलंच." मग आवाज खाली आणून म्हणाली, "समदं न्हाई रे. माणसं सगळी ताकात बुडाल्यावानी दिसत्यात. तुझंबी तोंड कुठं हाय कळना. पण लाल तेवढं कळतं. ह्यो लाल हालतो न्हवं, त्यो दिसतो मला. अगदी शेपटी हालवल्याली."

"आप्पांना सांगितलंस?"

"कामून सांगू? त्यांना जिवाचा ताप बगवत न्हाई. माझ्यासाठी ठिवतील, अन् रोज उपाशी राहतील. जाऊ दे. चार दिस दिसला, लय झालं. तूबी बोलू नगंस."

उमाजीला कमरेच्या बांगड्या टोचू लागल्या.

आणि त्याला दुसराच दिवस आठवला. प्लेगाच्या साली त्याची बायको केवळा गेली, तेव्हा लेक मनकर्णा एवढीशी होती. मेंढीचं दूध पाजून बघितलं, शेळीचं पाजून बघितलं, पोर ओकायची. तो ते पोर घोंगडीत गुंडाळून ह्याच ओट्यावर बसला होता, गावाबाहेरच्या झोपडीतून थेट आलेला, धुळीनं माखलेला. आप्पा दारात उभे. कुणी काही बोलण्याआधी चन्नबसम्मा बाहेर आली. अंगावर पिणारा कल्याण होता, त्याला तिनं आप्पांच्या हातात दिलं, उमाजीच्या मांडीवरून मनकर्णाला उचललं, आणि तशीच, घोंगडीसकट, पारोशी, आत घेऊन गेली. आंघोळीचा नियम त्या दिवशी कुणाला आठवला नाही. मनकर्णा आता पेडगावला नांदते, तिला दोन लेकरं आहेत. त्या दुधाबद्दल उमाजी आजवर एक शब्द बोलला नव्हता. असल्या गोष्टी बोलणं त्याला येत नव्हतं. त्याला येत होत्या फक्त खोड्या.

तो बाहेर आला, तो पुन्हा जुना उमाजी होऊन.

"आप्पा, मला न्हाई पटत."

"काय न्हाई पटत?"

"एका मरतुकड्या माशाला हारवून उमाजीचं काय नाव व्हनार? लोक म्हणतील, आंघोळीनं मारले, उमाजीनं काय केलं? दसऱ्यापर्यंत पैज हाय. मी सवता हैद्राबादेहून ताजे मासे आणतो. त्ये समदे मरतील, अन् मग तुमाला वाजत-गाजत चुडा भरतो. तवर हंडी हालवायची न्हाई. हालवली तर तुमी भ्यालात म्हणून पेठेत दवंडी पिटीन."

"मी कशाला भितो?" आप्पा चिडलेच. भोळ्या माणसाला चिडवणं फार सोपं असतं. "पण आता आणखी एक जरी जीव गेला न्हवं, तर हंडी त्याच दिवशी फोडून टाकीन. पैज गेली खड्ड्यात."

"कबूल."

मग उमाजीनं कल्याणरावाला गोडाऊनमागं गाठलं. "खरं सांग रे, मासे विकणाऱ्यानं तुला काही सांगितलं व्हतं का न्हाई?"

कल्याणरावानं डोकं खाजवलं. "सांगितलं व्हतं, काका. मडकं आधी घरच्या पाण्यात बसवून ठिवा, म्हंजी आतलं-भाईरलं सारखं व्हतं. मग घरचं पाणी थोडं थोडं मडक्यात घालत जा. एकदम टाकलं तर मरत्यात म्हणला."

"मग बोलला का न्हाईस?"

"आप्पांनी आंघोळ म्हणल्यावर कोन बोलनार? तुमीबी तर पाठ चोळायला निघाला व्हता."



उमाजी घोंगड्यांचं गाठोडं घेऊन हैद्राबादला गेला. घोंगड्या विकल्या, चारमिनारच्या मागं त्या मासेवाल्याला हुडकला, चार लाल मासे निवडून घेतले, आणि मडक्याला ओली घोंगडी गुंडाळून गाडीत चढला. डबा गच्च. उभं राहायला जागा नाही. उमाजीनं मडकं छातीशी धरलं आणि शेजारच्याला हळूच म्हणाला, "जरा सरका पावनं. नाग हाय. डिवचला गेला तर माझ्यावर बोल नको." दोन स्टेशनांत अख्खं बाकडं त्याचं झालं. मडकं ऐसपैस बसलं, वर तो थोड्या थोड्या वेळानं घोंगडीवर पाणी शिंपडत राहिला. पिंगळी स्टेशनावर टिकिट तपासणारा चढला.

"इसमें क्या है?"

"नाग हाय, साब."

"दिखाओ."

उमाजीनं घोंगडीचा कोपरा उचलला. साहेबानं लांबूनच मान तिरपी करून आत डोकावलं, लाल शेपट्या बघितल्या, आणि रिकाम्या बाकड्याकडं बघितलं. काय समजायचं ते समजला. टोपी काढून उमाजीशेजारी बसला आणि परभणी येईपर्यंत पाय लांब करून झोपला.

सेलूला पोचला तर ओट्यापुढं सगळी गल्ली जमलेली. किशनराव माडी सोडून खाली आला होता. आप्पा दारात, हातात तांब्या.

"आंघोळ," आप्पा म्हणाले.

"म्हंजी काय! आंघोळीबिगर आत न्यायला मी काय अडाणी हाय?" उमाजी म्हणाला. "पण आप्पा, एक सांगा. तुमचे पावने आले की तुमी त्यास्नी कसं न्हाऊ घालता? रस्त्यावर कपडे फेडून, अंगावर बारव उपडी करता?"

"न्हाई बा. घंगाळ देतो. पाणी कोमट करून—"

"मग आणा घंगाळ!"

तांब्याचं मोठं घंगाळ ओट्यावर आलं. त्यात उमाजीनं घरातलं कालचं शेंदलेलं, हंडीतल्यासारखंच निवलेलं पाणी भरायला लावलं आणि मासे-पाण्यासकट मडकं त्यात अल्लद बसवलं.

"ह्ये काय?"

"बसलेत की घंगाळात. आता जरा अंग भिजू द्या. लांबून आलेत, दमलेत."

लोक हसायला लागले. आप्पा हसावं की रागवावं ह्या विचारात. उमाजी पान खाऊन आला, दोघा-तिघांशी भांडून आला, मग त्यानं एक वाटी घेतली, घंगाळातलं पाणी मडक्यात हळूच सोडलं आणि गंभीर तोंडानं म्हणाला, "हर हर महादेव. पहिला तांब्या."

"वाटी हाय ती," आप्पा म्हणाले.

"मासा केवढा, तांब्या केवढा? मापात असावं की सगळं. तागडीवाले तुमी, तुमाला सांगायला पायजे का?"

थोड्या वेळानं दुसरी वाटी. मग तिसरी. मधे मधे गल्ली ओरडायची, "कानामागं चोळा!" ऊन ओट्यावरून उतरून रस्त्यावर गेलं तरी ही आंघोळ चाललीच होती. मडकं भरलं की उमाजी वरचं थोडं रस्त्यावर ओतायचा आणि पुन्हा वाटी. शेवटी मडक्यात गाडीचं पाणी नावाला उरलं.

"आता बोला आप्पा. एवढी आंघोळ तुमच्या लग्नात तुमाला तरी घातली व्हती का?"

"न्हाई," आप्पा प्रामाणिकपणे म्हणाले. "पण मडक्यातलं पाणी आत जायचं न्हाई हां."

"थेंब जानार न्हाई."

हंडी ओट्यावर आणली होती. उमाजीनं ओंजळीनं एकेक मासा उचलला आणि हंडीत सोडला. जुना मासा कडेला सरकला. नव्यातला एक तळाशी गेला आणि कुशीवर कलला.

आप्पा पुढं वाकले. "गेला वाटतं."

"गप बसा," उमाजी म्हणाला. हा शब्द त्यानं आप्पांना उभ्या जन्मात वापरला नव्हता. त्यानं खांद्यावरची घोंगडी काढून हंडीवर टाकली. "नवी मेंढी कळपात अंधारात सोडत्यात. जुनीला कळत न्हाई कोन आलं, नवीला कळत न्हाई कुठं आलो. झाकून राहू द्या."

आणि तो हंडीपाशी बसून राहिला. दिवेलागण झाली, किशनराव गेला, गल्ली पांगली. आप्पांनी दोनदा "बघू का?" विचारलं. उमाजीनं दोनदा "न्हाई" म्हटलं. चन्नबसम्मा आतून भिंत चाचपत दारापर्यंत आली आणि काही न विचारता उंबऱ्याच्या आत बसली.

उमाजीनं घोंगडी उचलली ती दुसऱ्या दिवशी, उन्हं आल्यावर. मासे पाच होते. पाचही फिरत होते.

"पाच," चन्नबसम्मा हळूच म्हणाली. कुणी तिला मोजून सांगितलं नव्हतं. आप्पांनी चमकून तिच्याकडं बघितलं.

पुढं श्रावण गेला, भादवा गेला. उमाजी रोज सकाळी अंगावर दोन तांबे घेऊन आत जायचा, "मेले का बघतो" म्हणायचा, पाणी पारखायचा, निवलेलं पाणी घालायचा, ज्वारीच्या कण्या चिमटीनं सोडायचा, आणि बाहेर येऊन तोंड वाकडं करून सांगायचा, "छे! अजून जित्ते हायेत. नशीबच फुटकं." गल्ली म्हणायची, उमाजी आता पुरता हरला. उमाजीइतका आनंदानं हरणारा माणूस त्या पेठेनं पाहिला नव्हता, पण ते तिच्या लक्षात आलं नाही. माणूस एकदा खोडकर ठरला की त्याचं कुणी दुसरं काही धरत नाही.

दसऱ्याला सोनं लुटायला सगळं सेलू बाजारात. बारवेपासून आप्पांच्या दारापर्यंत दोन्ही बाजूंनी माणसं. पेडगावहून मनकर्णाही लेकरांना घेऊन आली होती. बाप बाई होणार म्हणजे चुकवायची गोष्ट नाही.

उमाजी बारवेच्या पायऱ्या चढून वर आला आणि एकच हशा उसळला. मनगटात त्याच हिरव्या बांगड्या. आप्पांच्या मापाच्या, त्यामुळे कोपरापर्यंत घसरत होत्या. मिशा पिळलेल्या. डोक्यावर घागर. आणि अंगावर लुगडं, ते असं लालभडक की लांबून बघावं तर रस्ता पेटलाय. पैजेत फक्त पदर ठरला होता. तो अख्खं लुगडं नेसून आला होता.

"वयनी, कुन्या गावच्या?" कुणीतरी ओरडलं.

"तुझ्या सासुरवाडीच्या!" उमाजी म्हणाला, आणि मुरका मारताना निम्मं पाणी सांडलं.

"बाबा, नीट चाला, पाय अडकंल!" मनकर्णा हसता हसता डोळे पुसत ओरडली. लुगडं तिनं ओळखलं होतं. आईचं होतं. पेटीच्या तळाशी असायचं.

आप्पा दारात उभे होते. बाजूला ओट्यावर चन्नबसम्मा बसली होती, बाजाराच्या आवाजाकडं कान लावून. एकाएकी तिनं मान उचलली.

"अहो," ती म्हणाली. "त्ये लाल काय यायलंय?"

आप्पांनी वळून बघितलं.

"तिकडं की. बारवेकडून. हालत हालत यायलंय लाल." ती उठून उभी राहिली. "ठुमकायलंय बगा! अगं बाई… उमाजी हाय का त्यो?"

"व्हय," आप्पा म्हणाले. हंडी, पाच मासे, ते 'पाच' म्हणणं, घंगाळातली आंघोळ, सगळं त्यांच्या डोक्यात आता एका जागी येऊन बसलं.

चन्नबसम्मा हसत होती. दोन वर्षांत तिनं पहिल्यांदाच रस्त्यावरून माणूस येताना बघितला होता, आणि तो असा! ती तोंडाला पदर लावून, गदगदा हालत हसत होती. उमाजी दारापुढं आला, तेव्हा तिनं हात लांब करून लुगड्याचा काठ बोटांत धरला, चोळला.

"केवळाचं."

"व्हय आक्का."

"आंघोळ केलीस का?"

"कुठली आंघोळ? समद्या बाजाराची धूळ हाय अंगावर. घागर हितंच ठिवतो, शब्द संपला."

"हितं कशाला? मासे आत हायेत." ती म्हणाली, "तसाच ये."

उमाजीनं आप्पांकडं बघितलं. आप्पा दारातून बाजूला सरकले.

तो डोक्यावरची घागर सांभाळत, कमानीखाली वाकून, धुळीच्या पायांनी उंबरा ओलांडून आत गेला. बांगड्या खळखळल्या. चन्नबसम्मानं पदराचं टोक हातातून सोडलं नव्हतं. ती त्याच्यामागोमाग चालत गेली, सरळ, भिंतीला हात न लावता.